शेवटाविना कथा : ‘हम लोग’ आणि भारतीय दूरचित्रवाणी मालिकालेखनाचे शिक्षण

प्रस्तावना

भारतातील दूरचित्रवाणी मालिकांच्या इतिहासात कलावंत, प्रायोजक आणि प्रेक्षकसंख्या यांची भरपूर चर्चा झालेली आहे. मालिका लिहिणारा लेखक हे लेखन कोठे आणि कसे शिकला, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. नाटककारासमोर रंगभूमीची परंपरा होती, कथालेखकासमोर मासिकांची. १९८० च्या दशकाच्या आरंभी दीर्घ कौटुंबिक मालिका लिहावयास बसलेल्या लेखकाला असा कोणताही आधार नव्हता. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये १९७४ पासून दूरचित्रवाणीचा विभाग होता. परंतु त्याचा भर दूरदर्शनच्या कर्मचाऱ्यांना निर्मितीचे तंत्र शिकवण्यावर होता. मालिकालेखन ही एक स्वतंत्र विद्या आहे, ही जाणीव तेव्हा रुजलेली नव्हती.

प्रस्तुत निबंधात ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेल्या ‘हम लोग’ या हिंदी मालिकेच्या आधारे या शिक्षणाचा मागोवा घेतला आहे. साहित्यात वाढलेल्या लेखकाला येथे मुख्यतः एक गोष्ट नव्याने शिकावी लागली, ती म्हणजे शेवट आपल्या हाती नसताना कथा पुढे नेणे. शासन, प्रायोजक आणि प्रेक्षक हे त्याचे तीन शिक्षक होते आणि त्या तिघांचे एकमेकांशी पटत नव्हते.

मेक्सिकोतून आलेली पद्धत

‘हम लोग’ची मुळे लॅटिन अमेरिकेत आहेत. पेरू देशात १९६९ मध्ये ‘सिम्प्लेमेंते मारिया’ ही मालिका सुरू झाली. खेड्यातून शहरात मोलकरीण म्हणून आलेली मारिया रात्रीच्या वर्गात लिहावाचायला शिकते, शिवणकाम शिकते आणि पुढे नामांकित वेशभूषाकार होते, अशी तिची कथा होती. मालिका पाहून अनेक स्त्रिया साक्षरतेच्या व शिवणाच्या वर्गांना जाऊ लागल्या, सिंगर यंत्रांची विक्री वाढली. लेखकांनी हा परिणाम योजलेला नव्हता. मेक्सिकोच्या तेलेव्हिसा या वाहिनीसमूहातील मिगेल साबिदो यांनी मात्र त्यातून एक पद्धत घडवली. रंगभूमीवरून आलेल्या साबिदो यांनी एरिक बेंटली यांचा नाट्यविचार, युंग यांची आदिबंधांची कल्पना आणि बांडुरा यांचा अनुकरणातून होणाऱ्या शिक्षणाचा सिद्धांत यांची सांगड घातली.

या पद्धतीत लेखन सुरू होण्यापूर्वी मूल्यांची एक चौकट निश्चित केली जाई आणि तिचा आधार देशाची राज्यघटना व कायदे हा असे. नंतर पात्रांची तीन गटांत विभागणी होई. काही पात्रे इष्ट वर्तनाची, काही अनिष्ट वर्तनाची, तर काही द्विधा मनःस्थितीतील. प्रेक्षकाने या तिसऱ्या गटाशी तादात्म्य पावावे आणि त्या पात्रांबरोबर स्वतःही बदलावे, अशी योजना होती. प्रत्येक भागाच्या अखेरीस अल्पकाळचे निवेदन असे. प्रौढ साक्षरतेवरील ‘वेन कोन्मिगो’ (१९७५-७६) आणि कुटुंबनियोजनावरील ‘आकोम्पान्यामे’ (१९७७-७८) या मालिका याच पद्धतीने रचल्या गेल्या.

ही पद्धत भारतात कोणी आणली, याविषयी दोन मते आढळतात. काही ठिकाणी तत्कालीन माहिती व नभोवाणी मंत्री वसंत साठे यांच्या मेक्सिको भेटीस हे श्रेय दिले जाते. माध्यम-संशोधकांच्या लेखनात मंत्रालयाचे सचिव एस. एस. गिल यांचा उल्लेख अधिक ठळकपणे येतो. श्रेय कोणाचेही असो, काळ अनुकूल होता. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांबरोबर रंगीत प्रक्षेपण आले होते आणि १९८४ मध्ये काही महिने जवळजवळ दररोज एक या वेगाने नवे प्रक्षेपक उभे राहत होते. प्रक्षेपक उभारता आले, तरी त्यांवरून दाखवण्याजोग्या कथा लिहिणारी माणसे तयार नव्हती. गुजरातमधील खेडा जिल्ह्यात अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने ग्रामीण प्रेक्षकांसाठी कथात्म मालिकांचे प्रयोग केले होते खरे. परंतु ते एका जिल्ह्यापुरते राहिले.

लेखकाचे काम

‘हम लोग’च्या लेखनासाठी निवड झाली ती मनोहर श्याम जोशी यांची. ते ‘साप्ताहिक हिंदुस्तान’चे संपादक राहिलेले होते आणि ‘कुरु कुरु स्वाहा’ व ‘कसप’ या कादंबऱ्यांमुळे हिंदी साहित्यात प्रतिष्ठा पावलेले होते. ही निवड विचार करण्याजोगी आहे. प्रयोगशील कादंबरीकार आणि शासनाचा कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम यांची जोडी वरकरणी विजोड वाटते. परंतु जोशी यांना पत्रकारितेची सवय होती, म्हणजे ठरलेल्या वारी ठरलेला मजकूर देण्याची सवय होती. मालिकेला कादंबरीकाराच्या प्रतिभेइतकीच या सवयीची गरज होती. बोलीचे त्यांचे भान हीदेखील मोठी जमेची बाजू ठरली. बसेसर राम, भागवंती, दादा, दादी, लल्लू, नन्हे आणि बडकी, मंझली, छुटकी ही नावेच त्या कनिष्ठ मध्यमवर्गीय घराची भाषा सांगून जातात.

आरंभीचे तेरा भाग साबिदो यांच्या चौकटीला बरेचसे धरून होते. कुटुंबनियोजनाचा उपदेश त्यांत उघड होता आणि प्रेक्षकांना तो रुचला नाही. मालिकालेखकाला मिळालेला हा पहिला धडा. नाटक पडले तर प्रयोग थांबतात, कादंबरी नापसंत झाली तर ती पडून राहते. येथे चौदावा भाग द्यायचाच होता. जोशी आणि दिग्दर्शक पी. कुमार वासुदेव यांनी कुटुंबनियोजनाचा सूर सौम्य केला, घरातील ताणतणाव, मुलामुलींच्या आकांक्षा आणि स्त्रीचे घरातील स्थान यांवर कथेचा भर वळवला. चालू कथेची अशी दुरुस्ती करताना मागचे काहीच खोडता येत नाही. पडद्यावर एकदा घडून गेलेले कायम राहते. लेखकाने त्याला पुढच्या प्रसंगातून नवा अर्थ द्यायचा असतो. छापील लेखनात पुनर्लेखन म्हणजे मागे जाणे, तर मालिकेत ते पुढे जाऊनच करावे लागते.

शासनाने घालून दिलेल्या चौकटीवर आणखी एक दाब होता. ‘हम लोग’ला खाजगी प्रायोजक होता आणि मॅगी नूडल्स हे तेव्हा नवे असलेले उत्पादन या मालिकेच्या सोबतीने घरोघरी पोहोचले. कुटुंबनियोजनाच्या संदेशासाठी सुरू झालेली मालिका दोन मिनिटांत शिजणाऱ्या खाद्यपदार्थाचा प्रसार करून गेली, हा इतिहासाचा लहानसा विनोदच म्हणावा लागेल. प्रायोजकाला पुढच्या आठवड्यातही तोच प्रेक्षक हवा असतो. त्यामुळे भागाचा शेवट उत्सुकतेच्या टोकावर करणे, ही पूर्वी लेखकाच्या आवडीची बाब होती ती आता व्यवहाराची अट झाली.

तिसरा शिक्षक म्हणजे प्रेक्षक आणि तो पत्रांतून बोलत होता. संशोधकांनी नोंदवल्याप्रमाणे दूरदर्शनकडे आलेल्या पत्रांची संख्या चार लाखांहून अधिक होती. बडकीने अश्विनीशी लग्न करण्याचा निर्णय धीराने घ्यावा, असे सल्ले मुली देत होत्या आणि ते लग्न दाखवले गेले त्या दिवशी उत्तर भारतात काही ठिकाणी बाजार लवकर बंद झाले. दादीला कर्करोग होतो हे दाखवल्यानंतर तिला मरू देऊ नका, असा आग्रह सुरू झाला आणि तिचा मृत्यू लांबवावा लागला. लेखकाच्या दृष्टीने ही घटना महत्त्वाची आहे. मृत्यू हा कथेतील सर्वांत निश्चित शेवट. तोही वाटाघाटीचा विषय होऊ शकतो, हे येथे सिद्ध झाले.

प्रत्येक भागानंतर अशोक कुमार येऊन प्रेक्षकांशी बोलत. हे निवेदन मेक्सिकोच्या पद्धतीतून आलेले असले, तरी येथील प्रेक्षकाला ते परके वाटण्याचे कारण नव्हते. आख्यान सांगता सांगता थांबून श्रोत्यांना चार हिताच्या गोष्टी सांगणारा कीर्तनकार त्याने पाहिलेला होता. जोशी यांनाही त्याचा लाभ झाला असावा. उपदेशाची जबाबदारी अशोक कुमारांनी उचलल्यामुळे पात्रांना आपापल्या स्वभावानुसार वागण्याची मुभा मिळाली.

भागवंतीचा प्रश्न

मालिका १७ डिसेंबर १९८५ रोजी, दीडशेहून अधिक भागांनंतर संपली. त्यानंतर अरविंद सिंघल व एव्हरेट रॉजर्स यांनी तिच्या परिणामांचा अभ्यास केला. दिल्ली आणि मद्रासबरोबरच पुणे येथील प्रेक्षकांकडूनही त्यासाठी माहिती घेण्यात आली. या अभ्यासातील एक निष्कर्ष लेखनविद्येच्या इतिहासात विशेष मोलाचा आहे. भागवंती ही मद्यपी नवऱ्याचा जाच मुकाट्याने सोसणारी आई. पद्धतीनुसार ती स्त्रीने कसे असू नये याचे उदाहरण होती. प्रत्यक्षात अनेक प्रेक्षकांनी, त्यांत स्त्रियांनीही, तिलाच आदर्श मानले.

संज्ञापनशास्त्राच्या दृष्टीने हे योजनेचे अपयश आहे. लेखनाच्या दृष्टीने त्याकडे वेगळ्या रीतीने पाहावे लागते. ज्या पात्राला लेखकाने खरेपणाने घडवले, त्या पात्राने योजनेतील आपला गट सोडला. वर्ष-दीड वर्ष घरात येणाऱ्या माणसाविषयी प्रेक्षक न्यायनिवाडा करीत नाही, त्याला त्याची सवय होते, आणि सवयीतून माया उत्पन्न होते. दोन-अडीच तासांच्या नाटकात हे घडणे अवघड आहे. तथापि या यशाची किंमतही नोंदवली पाहिजे. सोशिकतेला मिळालेली सहानुभूती मालिकालेखकांनी पुरेपूर ओळखली. पुढील काळात सहन करणारी सून ही मालिकेची नायिका झाली, तेव्हा भागवंतीबाबत जे अनवधानाने घडले होते ते हेतुपुरस्सर केले जाऊ लागले.

जोशी यांनी स्वतः त्या वाटेने जाण्याचे टाळले. ‘बुनियाद’ (१९८६-८७) ही त्यांची पुढची मालिका लाहोरमधील एका कुटुंबाच्या आधारे फाळणीचा काळ मांडते. तेथे इतिहासानेच कथेला दिशा दिलेली होती, त्यामुळे शेवट पुन्हा काही अंशी लेखकाच्या ताब्यात आला. पुढे त्यांनी ‘पटकथा लेखन : एक परिचय’ हे पुस्तक लिहिले. प्रत्यक्ष कामातून मिळालेले ज्ञान पाठ्यपुस्तकाच्या रूपात येण्याचा हिंदीतील हा ठळक टप्पा होय.

मराठीतील अनुभव

मराठीला खंडशः कथालेखनाचा वारसा जुना आहे. हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मधून क्रमशः प्रसिद्ध झाली. आठवड्याचा मजकूर आठवड्याला देण्याचा धाक त्यांनी अनुभवलेला होता आणि त्यांच्या कादंबऱ्यांतील पाल्हाळाचे एक कारण समीक्षक याच धाकात शोधतात. तरीही २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यानंतर मराठी मालिकेने हा वारसा उचलला नाही. तिने तयार साहित्याकडे धाव घेतली. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातील ‘चिमणराव’ ही चिं. वि. जोशी यांच्या कथांवर आधारलेली होती. तिचा प्रत्येक भाग स्वतंत्रपणे पूर्ण होई. अशा मालिकेत लेखकाचे काम रूपांतराचे असते. शेवटाची चिंता मूळ लेखकाने वाहिलेली असते.

खरा बदल दैनंदिन मालिकेने घडवला. सह्याद्री वाहिनीवरील ‘दामिनी’ने मराठीत हा प्रकार रुजवला, १९९९ मध्ये अल्फा मराठी व २००० मध्ये ई टीव्ही मराठी या वाहिन्या आल्यानंतर तोच मुख्य प्रकार झाला. ‘हम लोग’ला दीडशे भागांसाठी सुमारे सतरा महिने मिळाले होते. आठवड्यात पाच भाग दाखवणारी मालिका तेवढे भाग तीस आठवड्यांत संपवते. एका माणसाने हे सारे लिहिणे शक्य नव्हते. म्हणून लेखकाचे काम विभागले गेले. कथा एकाकडे, पटकथा दुसऱ्याकडे, संवाद तिसऱ्याकडे, आणि या सर्वांवर वाहिनीच्या प्रतिनिधीची देखरेख. ‘ट्रॅक’, ‘वनलाइन’, ‘बँक’ हे शब्द लेखकाच्या रोजच्या बोलण्यात आले. प्रेक्षकांच्या पत्रांची जागा दर आठवड्याच्या टीआरपीने घेतली. पत्रात बडकीने काय करावे आणि का करावे, हे लिहिलेले असे. आकड्यातून एवढेच कळते की मागच्या गुरुवारी काही घरांनी दुसरी वाहिनी लावली. त्याचे कारण लेखकाने तर्काने शोधायचे असते आणि पुढच्या बैठकीपूर्वी शोधायचे असते.

२००१ मध्ये सुरू झालेली ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका जानेवारी २०१३ पर्यंत चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. इतक्या लांबीच्या कथेला मध्य आणि शेवट हे शब्द लावता येत नाहीत. एक संघर्ष मिटण्याआधी दुसऱ्याची सुरुवात करून ठेवणे, दुय्यम पात्राला दोन महिने पुढे आणून मुख्य पात्रांना विसावा देणे, कलावंत मालिका सोडून गेला तर त्याच्या जाण्याचीच घटना करणे, हे कौशल्य नाट्यशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात सापडत नाही. ते हलके समजण्याची साहित्यिकांची प्रवृत्ती अन्यायकारक आहे. मात्र अशा लेखनात आपले काय, हे सांगणे लेखकाला अवघड जाते. २०१२ च्या कायदादुरुस्तीने लेखकाच्या स्वामित्वधनाच्या हक्काला बळ दिले. तीन-चार हातांतून गेलेल्या भागात तो हक्क कोणाचा किती, हा व्यवहारातील प्रश्न त्याने सुटलेला नाही.

आजही या क्षेत्रात येणारा नवा लेखक बहुधा चालू मालिकेच्या संवादांपासून सुरुवात करतो. कथा त्याच्या आधीच सुरू झालेली असते, पात्रांचे स्वभाव दुसऱ्याने ठरवलेले असतात. त्याच्या हाती एका प्रसंगाची वनलाइन दिली जाते आणि सायंकाळपर्यंत तो प्रसंग लिहून द्यायचा असतो. तो प्रसंग मालिकेच्या पहिल्या शंभरात येतो की शेवटच्या दहात, हे त्याला सहसा ठाऊक नसते.