गेंडा, मिरी आणि वाचलेली दप्तरे

लिस्बनला गेलो तो जकातीच्या वह्या शोधायला. माझे गाव रेवदंड्याजवळचे. लहानपणापासून पाहिलेला पोर्तुगीज चौल म्हणजे तटबंदी, पडकी चर्चे आणि त्यांच्या आत वाढलेल्या नारळी-पोफळी. १७४०मध्ये तो मराठ्यांकडे आला. त्याआधीच्या दोनशेहून अधिक वर्षांत या बंदरात काय उतरले, काय चढले, याचा हिशेब कुठेतरी लिहिलेला असणार. आणि ‘कुठेतरी’ म्हणजे लिस्बनच्या ‘कासा दा इंडिया’त, अशी माझी भाबडी समजूत होती.

पोहोचलो तो रविवार. दप्तरखाना बंद. म्हणून बेलेंला गेलो. तेजू नदी समुद्राला मिळते त्याच्या थोडे अलीकडे हा भाग आहे. १४९७च्या जुलैत वास्को द गामा इथूनच निघाला. पाण्यातला प्रसिद्ध बुरूज त्यानंतरचा, १५१४ ते १५१९ या काळातला. त्याच्या एका कोपऱ्यावर पहारेकऱ्याची चौकी आहे आणि चौकीच्या तळाशी दगडात कोरलेले गेंड्याचे डोके. खाऱ्या वाऱ्याने ते इतके झिजले आहे की कुणी बोट दाखवल्याशिवाय कळू नये.

हा गेंडा आपल्याकडचा. अफोंसो द आल्बुकर्कला दीव येथे किल्ला बांधायचा होता. गुजरातचा सुलतान मुजफ्फरशहा याने किल्ल्याला परवानगी दिली नाही, गेंडा दिला. आल्बुकर्कने तो राजा मानुएलला पाठवला आणि २० मे १५१५ रोजी तो लिस्बनला उतरला. राजाने हत्तीशी त्याची झुंज लावली. हत्तीने पळ काढला. पुढे तो पोपला नजराणा म्हणून रवाना झाला, पण इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटले आणि साखळदंडात जखडलेले ते जनावर बुडाले. ड्यूररने त्याला कधीच पाहिले नव्हते, तरी त्याने काढलेले चित्र युरोपभर पसरले. पोर्तुगीज या प्राण्याला ‘गंडा’ म्हणत, शब्द आपलाच. मराठी कानाला त्यातून दुसराच अर्थ ऐकू येतो, आणि दीवच्या त्या व्यवहारात तोही अगदीच गैरलागू नव्हता.

जवळच जेरोनिमोस मठ आहे. त्याच्या खर्चासाठी आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावर विसावा हिस्सा लावला होता. लोक त्याला मिरीचा कर म्हणत. खांबांवर जहाजाचे दोर आणि गाठी कोरल्या आहेत. शिल्पकारांचा हात असा की मान वर करून पाहता पाहता मी कर विसरलो, हे कबूल करतो. नदीकाठच्या १९६०च्या स्मारकापाशी मात्र तसे झाले नाही. तिथे राजपुत्र हेन्रीसह ३३ पुतळे आहेत, पण मलिंदीहून कालिकतपर्यंत गामाला वाट दाखवणारा वाटाड्या त्यांत नाही. हे स्मारक उभे राहिल्यावर पुढच्याच वर्षी गोवा मुक्त झाला.

सोमवारी शहराच्या मधल्या चौकात गेलो. त्याचे आजचे नाव ‘व्यापार चौक’. लिस्बनकर अजून ‘राजवाड्याचे पटांगण’च म्हणतात. राजवाडा नाही. तो इथे पाण्यालगत होता आणि कासा दा इंडिया त्याच आवारात. राजा आणि त्याची मिरीची वखार शेजारी शेजारी नांदत होते.

१ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांचा सण, चर्चमध्ये गर्दी, वेदीवर मेणबत्त्या. सकाळी साडेनऊच्या सुमारास धरणीकंप झाला. लोक जीव वाचवायला मोकळ्या नदीकाठाकडे धावले आणि थोड्याच वेळात तिथे समुद्र आत आला. त्यातून जे उरले ते पुढचे कित्येक दिवस जळत राहिले. राजवाडा, राजाचे ग्रंथालय आणि कासा दा इंडियाचे दप्तर, सगळे गेले. मी शोधायला आलो होतो त्या वह्याही त्यातच गेल्या असणार.

टेकडीवरच्या किल्ल्यात ‘तोर्रे दो तोंबो’ हे सरकारी दप्तर होते. तो बुरूजही कोसळला. पण दप्तराचा प्रमुख मानुएल दा माइया याने ढिगाऱ्यातून कागद काढवून घेतले आणि किल्ल्याच्या आवारात लाकडी छपराखाली ठेवले. तेव्हा त्याचे वय ७८ होते. तो लष्करी इंजिनिअर; शहर नव्याने कसे बांधावे याचे टिपणही त्यानेच पोंबालला लिहून दिले. आजचे सरळ रस्ते आणि भिंतींच्या आतले लाकडी सांगाडे त्या योजनेतून आले. सांगाडा धक्का सोसतो का, हे पाहण्यासाठी नमुन्याभोवती सैनिकांची पलटण चालवली, असे सांगतात. माझे मन मात्र त्या छपराखालच्या कागदांतच अडकले.

मंगळवारी तोर्रे दो तोंबोच्या नव्या इमारतीत ‘मोन्सोंइश’चे खंड समोर आले. राजा आणि गोव्याचा व्हाइसरॉय यांचा हा पत्रव्यवहार. जहाजे मोसमी वाऱ्यांवर येत-जात, म्हणून हे नाव. मूळ अरबी ‘मौसिम’, आपला ‘मोसम’. असे साठेक खंड इथे आहेत. ते भूकंपातून वाचले, कारण १७५५मध्ये ते लिस्बनमध्ये नव्हतेच. गोव्यातून ते १७७७मध्ये आले.

चौलचा उल्लेख त्यांत तुटक तुटक सापडला. जकातीची वही नाही. या मालिकेतले बाकीचे खंड कुठे आहेत, असे मी तिथल्या बाईंना विचारले. त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिले आणि म्हणाल्या, “पणजीला.”

रेवदंड्याहून पणजी एका रात्रीच्या बसची वाट. मी आधी लिस्बनला गेलो होतो.