हत्तीरोग, सेवाग्राम आणि संगणकीय जीवशास्त्रातील पदे

वर्धा जिल्ह्यात संगणकीय जीवशास्त्र, म्हणजे जनुके व प्रथिने यांच्या रचनेचा संगणकाच्या साहाय्याने अभ्यास करणारी शाखा, हत्तीरोगाच्या वाटेने आली. विदर्भाच्या पूर्व भागात हा रोग पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून आहे. क्युलेक्स डासामार्फत पसरणारे जंतकृमी लसिकावाहिन्यांत वाढतात, आणि त्यांच्या सूक्ष्म अळ्या बहुतेक रात्रीच रक्तात उतरत असल्यामुळे तपासणी पथकांना गावोगाव रात्री हिंडून रक्ताचे नमुने घ्यावे लागत. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 1969 मध्ये, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सेवाग्राम येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली, आणि तेथे डॉ. बी. सी. हरिनाथ यांच्या प्रयोगशाळेने कृमीचे प्रतिजन, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती ज्यांना परके म्हणून ओळखते ते रेणू, निदानासाठी वापरण्याचे काम दीर्घकाळ चालवले.

कृमीच्या असंख्य प्रथिनांतून निदानाला उपयोगी पडणारे नेमके कोणते, हे प्रत्येक प्रथिन हाताळून ठरवणे खर्चाचे आणि वेळखाऊ असते. येथेच गणिताची गरज उत्पन्न होते. केंद्र सरकारने 1986 मध्ये जैवतंत्रज्ञान विभाग स्थापन केल्यानंतर देशभर जैवमाहिती केंद्रांचे जाळे विणले गेले, पुणे विद्यापीठातील केंद्र 1987 मध्ये सुरू झाले, आणि तेथील डॉ. अशोक कोळसकर यांनी पी. सी. टोणगावकर यांच्यासह 1990 मध्ये प्रथिनातील अमिनो आम्लांच्या क्रमावरून प्रतिजनक भागांचे भाकीत करण्याची पद्धत प्रसिद्ध केली, जी पुढे जगभर वापरली गेली. याच जाळ्यात सेवाग्रामही सामील झाले. ब्रुगिया मलायी या हत्तीरोगाच्या एका कृमीचा जनुकसंच 2007 मध्ये प्रकाशित होऊन सर्वांना खुला झाल्यावर लहान गावातील संशोधकालाही मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांकडे असलेली तीच माहिती हाती घेता आली, आणि ही गोष्ट वर्ध्यासारख्या जिल्ह्यासाठी फार मोलाची होती.

या केंद्रांमुळे विज्ञान पदवीधरांसाठी प्रशिक्षणार्थी, कनिष्ठ संशोधन अधिछात्र, संशोधन सहयोगी अशी पदे निर्माण झाली. त्यांपैकी बहुतेक पदे अनुदानाच्या मुदतीला बांधलेली असल्याने प्रकल्प संपला की नेमणूकही संपे. प्रयोगशाळेतील एखादा प्रयोग ठरावीक काळात आटोपता येतो, परंतु माहितीसंच वर्षानुवर्षे दुरुस्त करत, नव्या नोंदी जोडत जिवंत ठेवावा लागतो, आणि ते करणारा माणूसच बदलत राहिला तर त्याने केलेल्या निवडींमागची कारणे त्याच्यासोबत निघून जातात. विद्यापीठांनी या विषयाचे अभ्यासक्रम ज्या उत्साहाने सुरू केले त्या प्रमाणात कायम पदे मंजूर झाली नाहीत, ही या शाखेच्या महाराष्ट्रातील वाटचालीतील सर्वांत मोठी उणीव मानावी लागते, कारण तिचा फटका हत्तीरोगासारख्या उपेक्षित रोगांवरील संशोधनाला प्रथम बसतो.