तपस्तब्धी : उंचीतील ऋतुबदल आणि इतर थरांशी संबंध

तपांबर आणि स्थितांबर यांच्यामधल्या सीमेला तपस्तब्धी म्हणतात. तिच्याखाली हवा उंचीबरोबर थंड होत जाते, ढग व पाऊस तिथेच घडतात. तिच्यावर तापमान आधी स्थिर राहते व मग ओझोनमुळे वाढू लागते, त्यामुळे हवेची उभी घुसळण जवळजवळ थांबते. उष्ण कटिबंधात ही सीमा समुद्रसपाटीपासून १६ ते १७ किमी., मध्य अक्षांशांत १० ते १२ किमी. आणि ध्रुवांजवळ ८ ते ९ किमी. उंचीवर सापडते. पाठ्यपुस्तकांत हे आकडे ठरावीक म्हणून दिलेले असतात, पण प्रत्यक्षात ते वर्षभर खालीवर होत राहतात. जमीन तापली की हवा फुगते व सीमा वर जाते, जमीन निवली की सीमा उतरते, असे या हालचालीचे स्पष्टीकरण बहुधा दिले जाते. ते मध्य अक्षांशांना बरेचसे लागू पडते. पृथ्वीच्या ज्या दोन भागांत तपस्तब्धीचे वागणे सर्वांत बोलके आहे, त्या उष्ण कटिबंधात आणि अंटार्क्टिकावर मात्र ते उलटे ठरते. तिथल्या ऋतुबदलाची सूत्रे मुख्यतः वरच्या थराकडे, म्हणजे स्थितांबराकडे आहेत.

लेआँ तेसरां द बोर यांनी पॅरिसजवळच्या त्राप येथून सोडलेल्या फुग्यांवरून आणि रिखार्ट आसमान यांनी जर्मनीत स्वतंत्रपणे केलेल्या निरीक्षणांवरून १९०२ मध्ये हे दाखवून दिले, की एका उंचीनंतर हवेचे थंड होणे थांबते. आज वापरली जाणारी व्याख्या जागतिक हवामान संघटनेने १९५७ मध्ये ठरवली. ज्या सर्वांत खालच्या पातळीवर तापमान घटण्याचा दर किलोमीटरमागे २° से. किंवा त्याहून कमी होतो आणि पुढच्या २ किमी.पर्यंतचा सरासरी दरही त्यापेक्षा वाढत नाही, ती तपस्तब्धी. व्याख्या केवळ तापमानाच्या आलेखावर बेतलेली आहे, ही गोष्ट पुढच्या सगळ्या विवेचनात महत्त्वाची आहे. सीमेची जागा बदलायला खालचाच आलेख बदलावा लागतो असे नाही, वरचा बदलला तरी पुरते.

हवामान केंद्रावरून पहाटे सोडलेल्या रेडिओसाँडची, म्हणजे फुग्याला बांधलेल्या मोजमापयंत्राची, नोंद पाहिली की हे स्पष्ट होते. फुगा सेकंदाला सुमारे ५ मीटर वेगाने चढतो. उष्ण कटिबंधात तो ५ किमी.वर पोचेपर्यंत तापमान शून्याच्या थोडे खाली गेलेले असते, १० किमी.वर ते उणे ३५° से.च्या आसपास असते आणि तासाभरात, १६ ते १७ किमी.वर, उणे ८०° से.च्या घरात जाऊन आलेख वळतो. आता एक ढोबळ हिशेब करू. जमिनीवर २७° से. तापमान आणि किलोमीटरमागे ६.५° से. घट धरली, तर उणे ७८° से. गाठायला सुमारे १६.२ किमी. चढावे लागते. खालचे काहीही न बदलता वरची हवा ४ अंशांनी थंड झाली, तर तीच रेषा उणे ८२° से.ला सुमारे १६.८ किमी.वर मिळते. म्हणजे जमीन एका अंशानेही न तापता तपस्तब्धी अर्ध्या किलोमीटरहून अधिक वर गेली. उष्ण कटिबंधात वर्षभरात दिसणारा फरक साधारण याच आवाक्यातला आहे.

आणि तो दिसतो कधी? उष्ण कटिबंधात तपस्तब्धी सर्वांत उंच व सर्वांत थंड असते ती उत्तर गोलार्धाच्या हिवाळ्यात. जानेवारी-फेब्रुवारीत ती १७ किमी.च्या आसपास असते, तर जुलै-ऑगस्टमध्ये १६ किमी.कडे उतरते व काही अंशांनी उबदार होते. हा बदल विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी घडतो. उत्तरेकडे हिवाळा आणि दक्षिणेकडे उन्हाळा असताना दोन्हीकडची सीमा एकदमच वर जाते. स्थानिक उन्हाचा परिणाम असता तर दोन बाजू परस्परविरुद्ध हलल्या असत्या. याचा उलगडा ब्रूअर-डॉब्सन अभिसरणात सापडतो. अॅलन ब्रूअर यांनी १९४९ मध्ये स्थितांबरातील हवेच्या विलक्षण कोरडेपणावरून आणि गॉर्डन डॉब्सन यांनी ओझोनच्या वाटपावरून असे अनुमान काढले, की हवा उष्ण कटिबंधात तपस्तब्धीतून संथपणे वर चढते आणि ध्रुवांकडे जाऊन खाली उतरते. चढणारी हवा प्रसरण पावते व थंड होते. या अभिसरणाला चालना देतात पर्वतरांगा आणि जमीन-समुद्रातील तापमानभेद यांतून उठणारे ग्रहीय तरंग. ते हिवाळ्यात स्थितांबरात शिरून विरतात आणि उष्ण कटिबंधातली हवा ध्रुवांकडे ओढून घेतात. हिमालय, रॉकी पर्वत आणि विस्तीर्ण खंड उत्तरेत असल्याने उत्तरेचा हिवाळा या कामी दक्षिणेच्या हिवाळ्यापेक्षा कितीतरी बलवान ठरतो. दोन्ही गोलार्ध सारखे असते तर उष्ण कटिबंधाची तपस्तब्धी वर्षातून दोनदा वरखाली झाली असती. ती एकदाच होते, याचे कारण हेच.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही दखल घेण्याजोगे आहेत. पहिला असा, की जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि तिला जुलैपेक्षा सुमारे ७ टक्के अधिक ऊर्जा मिळते, मग हे सूर्याचेच काम का नसावे? पण अधिक ऊर्जेने तपस्तब्धीजवळची हवा तापायला हवी, ती तर याच महिन्यांत सर्वांत थंड असते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. उत्तरेच्या हिवाळ्यात पश्चिम प्रशांत महासागर व इंडोनेशिया-ऑस्ट्रेलिया पट्ट्यावर जगातले सर्वांत उंच गर्जन्मेघ उभे राहतात, तेच सीमा वर ढकलत असतील. त्यांचा वाटा नाकारता येत नाही. मात्र गर्जन्मेघांचा बहुतांश माथा १२ ते १४ किमी.वर पसरतो, मोजकेच ढग तपस्तब्धी भेदतात, आणि तापमानाचे वार्षिक चक्र त्याहूनही वर, १८ ते २० किमी.च्या पट्ट्यात, सर्वांत ठळक असते. शिवाय उपग्रहांच्या नोंदींत खालच्या स्थितांबरात उष्ण कटिबंध थंड होतो त्याच वेळी उच्च अक्षांश उबदार होतात आणि पृथ्वीची एकूण सरासरी जवळपास जागची हलत नाही. एकीकडे उचल आणि दुसरीकडे उतरण असलेल्या अभिसरणाची ही खूण आहे. केवळ समुद्राच्या उष्णतेने वाढणाऱ्या ढगांतून असा जमाखर्च जुळत नाही. चढणारी हवा ओझोनच्या दृष्टीने गरीब असल्याने ती ऊनही कमी शोषते, त्यामुळे थंडावा आणखी वाढतो.

अंटार्क्टिकाचा पुरावा मला सर्वांत निर्णायक वाटतो. आर्क्टिकवर तपस्तब्धी उन्हाळ्यात १० किमी.च्या आसपास चढते व हिवाळ्यात उतरते, अपेक्षेप्रमाणे. अंटार्क्टिकावर उलट घडते. ध्रुवीय रात्रीत, जमीन सर्वांत गोठलेली असताना, तपस्तब्धी सर्वांत उंच असते. सूर्यप्रकाश नसल्याने ओझोनपासून मिळणारी उष्णता बंद होते, ध्रुवाभोवती फिरणाऱ्या वाऱ्यांच्या, म्हणजे ध्रुवीय भोवऱ्याच्या, आत कोंडलेली हवा उणे ८० अंशांखाली जाते आणि तापमानाचा आलेख वळायचेच विसरतो. यावर कुणी म्हणेल, की हा निव्वळ व्याख्येचा दोष आहे, त्या ऋतूत तिथे खरी सीमा उरतच नाही. हे अंशतः खरे आहे. भोवऱ्यात तापमानाचा निकष डळमळतो, म्हणून ओझोन किंवा हवेचे भोवरेपण मोजणारे निकषही वापरले जातात. पण सीमा धूसर होते ती वरच्या थराने आपला उबदारपणा गमावल्यामुळे. व्याख्येची अडचणही शेवटी त्याच कारणाकडे बोट दाखवते.

भारतीय उपखंडावर दोन्ही थरांची ओढ एकाच नकाशावर दिसते. उत्तर भारतावर हिवाळ्यात सुमारे १२ किमी. उंचीवरून उपोष्ण पश्चिमी झोतवारा वाहतो. त्याच्या जागी तपस्तब्धी सलग नसते, दक्षिणेकडची १६-१७ किमी.वरची आणि उत्तरेकडची कमी उंचीची अशा दोन पातळ्या एकमेकींवर येतात व एकाच फुग्याच्या नोंदीत दोन तपस्तब्धी सापडतात. जूनमध्ये हा झोत हिमालयापलीकडे सरकतो. मान्सूनचे ढग आणि तापलेले तिबेटचे पठार यांमुळे दक्षिण आशियावर प्रचंड प्रतिचक्रवात तयार होतो, आणि त्याच्या पोटात तपस्तब्धी विषुववृत्तापेक्षाही उंच फुगते. इथे संवहनाचा हात स्पष्ट आहे, तो मान्य करायलाच हवा. पण हा फुगवटा साधारण २५° ते ३५° उत्तर अक्षांशांतला आहे, महाराष्ट्र व गोव्याच्या उत्तरेचा. द्वीपकल्पावर पूर्वेकडून वाहणारा उष्ण कटिबंधीय झोतवारा याच फुगवट्याच्या दक्षिण उतारावर, तपस्तब्धीच्या लगत खाली असतो. पी. कोटेश्वरम् यांनी १९५८ मध्ये त्याचे वर्णन केले. जुलै-ऑगस्टमध्ये तो ताशी १०० किमी.हून अधिक वेग गाठतो. प्रतिचक्रवातात दक्षिण आशियाचे प्रदूषणही अडकते. १३ ते १८ किमी. दरम्यान उन्हाळ्यात तरंगणारा सूक्ष्मकणांचा थर उपग्रहांनी टिपला आणि हैदराबादहून सोडलेल्या फुग्यांनी तो जवळून तपासला.

इतर थरांशी असलेल्या नात्यांत पाण्याच्या वाफेचे नाते सर्वांत सुंदर म्हणावे लागेल. तपस्तब्धीतून वर जाणारी हवा तिथल्या थंडीत आपली जवळजवळ सगळी वाफ बर्फाच्या रूपाने टाकून देते, दहा लाख भागांत तीन-चार भाग उरतात. उत्तरेच्या हिवाळ्यातली थंड सीमा कोरडी हवा पाठवते, उत्तरेच्या उन्हाळ्यातली उबदार सीमा त्यामानाने ओलसर. हे ओले-कोरडे पट्टे क्रमाने वर सरकत सुमारे दीड वर्षात ३० किमी.पर्यंत पोचतात, म्हणून एखाद्या वर्षीचा हिवाळा पुढच्या वर्षीच्या स्थितांबरात वाचता येतो. ओझोनचे नाते उलटे आहे. तपस्तब्धी जिथे खाली वाकते तिथे ओझोनचा एकूण साठा वाढतो. भारतात १९६०च्या दशकात अॅना मणी यांच्या पुढाकाराने पुण्यात विकसित झालेल्या ओझोनसाँडमुळे उपखंडावर त्याचे उभे मोजमाप शक्य झाले.

स्थितांबरात सुमारे २८ महिन्यांनी दिशा बदलणारे विषुववृत्तीय वारे या वार्षिक चक्रावर आपली छोटी लहर चढवतात. कधी धक्का अचानकही बसतो. जानेवारी २००९ मध्ये आर्क्टिकवरचा ध्रुवीय भोवरा दुभंगून स्थितांबर अचानक तापले. अशा वेळी उष्ण कटिबंधाचे खालचे स्थितांबर थंड होते, ध्रुवावर स्थितांबराच्याही वर असलेले मध्यांबर निवते, आणि त्या वर्षी तर पेरूतील विषुववृत्तीय आयनांबरातही खळबळ नोंदली गेली. १९९१ च्या पिनातुबो ज्वालामुखीच्या उद्रेकाने खालचे तपांबर थंड केले व स्थितांबर तापवले, दोन्हींचा परिणाम तपस्तब्धी खाली येण्यात झाला. हरितगृह वायू नेमके उलटे करतात. उत्तर गोलार्धातील २०° ते ८०° अक्षांशांतल्या फुग्यांच्या नोंदींनुसार १९८० ते २०२० या काळात तपस्तब्धी दर दशकात ५० ते ६० मीटर वर सरकली आहे. ऋतुबदलाचा आवाका याच्या दसपट किंवा अधिक असल्याने, वर्षातल्या कोणत्या महिन्यांच्या नोंदी तुलनेस घेतल्या हे न सांगता दिलेला कल फारसा विश्वासार्ह नसतो.