रात्र कुणाची?

पालघर जिल्ह्यात बघण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं की लोक समुद्र दाखवतात, किल्ले दाखवतात, नाहीतर वारली चित्रं दाखवतात. चित्रं आता सगळीकडं झालीत. साडीवर, चहाच्या कपावर, सरकारी कचेरीच्या भिंतीवर. त्यात हमखास एक रिंगण असतं. बाया-माणसं एकमेकांना धरून नाचताहेत आणि मधोमध एक जण तारपा वाजवतोय. कपावर कळत नाही ते एकच. तो नाच रात्रीचा आहे. इथली सगळी कला रात्रीची आहे, कारण दिवस कधी राबणाऱ्याचा नव्हताच.

मी इतिहासकार नाही. बोईसरला कापड गिरणीत लूमवर उभा असतो. बाप मराठवाड्यातनं पोटामागं इकडं आला. मी वारली नव्हे, पण ज्यांना दुसऱ्याच्या करमणुकीसाठी नाचवलं त्यांच्यात जन्मलोय. माझ्या शेजारच्या लूमवर वारली पोरं आहेत. काही वाचलं, काही त्यांना विचारलं, काही रिंगणाच्या काठावर उभं राहून बघितलं. तेवढ्याच्या जोरावर लिहितोय.

आधी चित्राचं बघू. घरात लग्न निघालं की कुडाची भिंत शेणा-गेरूनं सारवायची आणि तांदळाचं पीठ पाण्यात कालवून बांबूच्या काडीनं तिच्यावर चौक लिहायचा. 'काढायचा' म्हणत नाहीत, 'लिहायचा' म्हणतात. अक्षर नाकारलेल्या लोकांचा हा शब्द आहे, मित्रांनो, नीट ऐका. चौकात पालघट देवी. लिहिणाऱ्या सवाशिणी. लग्न लावणार धवलेरी, गाणी म्हणत. भटजीवाचून सगळं पार पडायचं.

पण पैशावाचून पार पडत नसे. लग्नासाठी सावकाराचं, जमीनदाराचं कर्ज काढलं की ते फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडं राबायचं. त्याला लग्नगडी म्हणत. कर्ज काही फिटत नसे. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० सालच्या पुस्तकात हे सगळं आलंय. म्हणजे ज्या चौकाला आज लोक भोळीभाबडी आदिवासी कला म्हणतात, त्याच्या बाहेर सावकार वही घेऊन उभा होता. चौक पुरा व्हायचा आणि दोन माणसं गहाण पडायची.

दिवसभर वेठ. जमीनदाराचं शेत, जंगल ठेकेदाराचं लाकूड, मुंबईच्या तबेल्यांना जाणारं गवत. ह्यातनं उरायची ती रात्र. भात पिकायला लागलं की दिवाळीपर्यंत पाड्यापाड्यावर तारपा वाजायचा. सुकवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि टोकाला ताडाच्या पानांचा लांब कर्णा. तारपेकरी श्वास तोडत नाही, गालात हवा धरून वाजवत राहतो. तो वळेल तसं रिंगण वळतं. त्याला कुणी पाठ दाखवत नाही. रिंगणात तोंडं आतल्या बाजूला असतात, म्हणून बाहेरच्या बघ्यासाठी हा नाच नव्हेच.

२३ मे १९४५ ला तलासरीजवळ झरी गावात हजारो वारली जमले. वेठ करायची नाही, बारा आणे रोज रोकडा घेतल्याशिवाय कामाला जायचं नाही, असं ठरलं. लग्नगडी सुटले. पुढं पावसाळा सरला आणि गवत कापणीच्या मजुरीवरून पुन्हा पेटलं. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला पोलिसांनी गोळ्या घातल्या. पाच जण गेले. जेठ्या गांगड त्यातलाच. भात पिकायचे दिवस, म्हणजे तारप्याचाच मोसम होता तो. तलवाड्याला १० ऑक्टोबरला अजून लोक गोळा होतात. इथल्या कार्यक्रमांची यादी करणाऱ्यानं हीही तारीख लिहून घ्यावी.

आमच्याकडं उलट होतं. तमाशात नाचणारे महार-मांग आणि समोर बसणारा पाटील. तोंड त्याच्याकडंच ठेवायचं, हसायचंही त्याच्यासाठीच. बाबासाहेबांच्या चळवळीत जलसे उभे राहिले तेव्हा हे तोंड फिरलं. भीमराव कर्डकांसारख्यांनी तमाशाचाच साज घेतला, पण गायलं ते आपल्या माणसांसमोर, आपलं दुःख. गिरणीत राबलेल्या अण्णाभाऊ साठ्यांनी १९४४ मध्ये अमर शेख, गव्हाणकर यांच्यासंगं लाल बावटा कलापथक काढलं. गणातला गणपती काढून मायभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन केलं. कामगार दिवसा कामाला, म्हणून हे खेळही रात्रीच.

१९६९ साली अण्णाभाऊ गेले. त्याच साली तारापूरची अणुभट्टी वीज द्यायला लागली. मागोमाग एमआयडीसी आली. सत्तरच्याच दशकात भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार हस्तकलेच्या सरकारी कामावर इकडं आले आणि चौक भिंतीवरनं कागदावर गेला. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी लग्न नसतानाही, रोजच्या रोज चित्रं केली. तोवर ते बायांचं काम होतं. २०११ ला त्यांना पद्मश्री मिळाली, २०१४ ला वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं, २०१८ ला म्हसे गेले. मोठा माणूस, वाद नाही. पण त्यांच्या आधी पिढ्यान्पिढ्या लिहिणाऱ्या बायांचं काय? त्यांचं लिहिलेलं पुढच्या सारवणात पुसलं गेलं आणि नावंही त्याच्याखालीच गेली.

आता तारपा स्टेजवर आलाय. मी बघितलाय. भर दुपारी, मंडपात. समोर पाहुणे बसलेले, म्हणून रिंगण मधनं फोडून अर्धं केलेलं. तारपेकऱ्याचं तोंड माईककडं, पोरींची तोंडं फोटोवाल्याकडं. दहा मिनिटं झाली की पुढचा आयटम. तमाशातलं ते जुनं पाटलासमोरचं उभं राहणं आम्ही झटकलं, ते इकडं वारल्यांच्या गळ्यात पडलं.

पण रात्री अजून पुरत्या मेल्या नाहीत. चैत्री पुनवेपासून डहाणूजवळ विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा भरते आणि देवीचा झेंडा डोंगरावर रात्रीच चढवतात. तो मान आदिवासी पुजाऱ्याचा. जव्हार-मोखाड्यात उन्हाळ्यात बोहाडा होतो. एकेका मुखवट्याचा मान एकेका घराकडं, वाजंत्री संबळाची, आणि रात्रभर सोंगं नाचतात. तिथं जा. तिकीट नाही. मोबाईल खिशात ठेवा आणि पाड्यावरच्या तारप्यात कुणी हात दिला तर रिंगणात शिरा.

माझ्या शेजारच्या लूमवरचा पोरगा तारपेकऱ्याचा नातू आहे. भात पिकतं तेव्हा त्याची रात्रपाळी असते. सावकारानं दिवस नेला होता, गिरणीनं रात्र नेली. आजोबाचा तारपा घरात खुंटीला आहे. वाजवायला येतं का विचारलं, तर म्हणाला, "श्वास पुरतो रे, रात्र पुरत नाही."

म्हणून आमचं मागणं साधं आहे. सणाच्या रात्री पाळी बदलून द्या, पगार न कापता. आणि साहेबांच्या कार्यक्रमाला तारपेकरी बोलावलात तर किती देणार, कधी देणार, गाडीभाडं कुणाचं, हे आधी सांगा. झरीला बारा आणे मागितले होते ते राबण्याचे. वाजवण्याचा भाव अजून कुणी विचारलेला नाही.