वार्तापट, आद्यकालीन

प्रत्यक्ष घडत असलेल्या सार्वजनिक घटनेचे चलच्चित्रण करून ते प्रेक्षकांपुढे दाखविण्यासाठी सिद्ध केलेली आखूड फीत म्हणजे वार्तापट. मिरवणूक, शपथविधी, अंत्ययात्रा, दरबार, कुस्ती, भूकंप हे त्याचे नेहमीचे विषय. आठवड्याच्या आठवड्याला अनेक घटना एकत्र गुंफून काढलेला वार्तापट फ्रान्समधील पाते कंपनीने रूढ केला आणि १९११ साली अमेरिकेत नेला. प्रस्तुत नोंद मुख्यतः त्यापूर्वीच्या सुट्या फितींची, आणि त्यांतल्या काही का टिकल्या व काही का नष्ट झाल्या या प्रश्नाची आहे.

अमेरिकन सार्वजनिक जीवनाचा आरंभीचा जो पट आज पाहावयास मिळतो त्याचा नायक, स्वतःच्या कर्तृत्वापेक्षा काळाच्या योगायोगाने, अध्यक्ष विल्यम मॅकिन्ली हा होय. १८९६ मध्ये कँटन येथील घराच्या हिरवळीवर चालताना, १८९७ मध्ये शपथविधीच्या मिरवणुकीत, आणि ५ सप्टेंबर १९०१ रोजी बफलोच्या प्रदर्शनात भाषण करताना तो कॅमेऱ्यापुढे आला. दुसऱ्याच दिवशी त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, १४ तारखेला तो निवर्तला, आणि त्याची अंत्ययात्राही एडिसन कंपनीच्या माणसांनी टिपली. त्याच कंपनीने मारेकऱ्याच्या देहदंडाची फीतही काढली. तीत तुरुंगाची बाहेरची भिंत खरी असून आतला देहदंड नटांकडून वठविलेला आहे. अशा जुन्या फितींतले सारेच डोळ्यांदेखत घडलेले समजू नये. १८९८ च्या स्पॅनिश युद्धातील मनिलाची आरमारी लढाई तर पाण्याच्या तबकात कागदी जहाजे तरंगवून लढविली गेली होती, आणि प्रेक्षकांनी ती खरी मानून पाहिली.

या फिती टिकल्या कशा, ही कथा मात्र कलेच्या नव्हे, कारकुनीच्या इतिहासात मोडते. त्या काळची फीत नायट्रेटची, म्हणजे झटकन पेट घेणारी आणि न पेटली तरी कालांतराने आपोआप कुजून भुकटी होणारी असे. परंतु अमेरिकेच्या स्वामित्वहक्काच्या कायद्यात १९१२ पर्यंत चलच्चित्राला स्वतंत्र स्थान नव्हते, छायाचित्राला मात्र होते. तेव्हा आपली नक्कल दुसऱ्याने करू नये म्हणून निर्माते फीत प्रकाशसंवेदी कागदाच्या लांब पट्टीवर छापून तिची गुंडाळी वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये दाखल करीत. चौकट अन् चौकट अशी छायाचित्रे म्हणून नोंदविण्याची ही युक्ती. एडिसनच्या कारखान्यातील एका माणसाच्या शिंकेची चित्रे ९ जानेवारी १८९४ रोजी अशीच दाखल झाली. कायदा बदलल्यावर या गुंडाळ्यांचा उपयोग संपला आणि त्या विस्मृतीत पडल्या. १९४० नंतरच्या दशकात त्यांचे महत्त्व कोणाच्या ध्यानी आले, आणि पुढे केम्प नायव्हर यांनी कागदावरून पुन्हा फितीवर चित्रे उतरविण्याचे जिकिरीचे काम केले. मूळ फिती गेल्या तरी तीन हजारांहून अधिक चित्रे अशा रीतीने परत हाती आली.

मराठी वाचकाला हा प्रकार अपरिचित वाटू नये. पुण्याचे पेशवे दफ्तर इंग्रजांनी जपले ते इतिहासप्रेमाने नव्हे. इनामदारांच्या सनदा व वहिवाटी तपासण्यासाठी त्यातील कागदांच्या रुमालांची सरकारला गरज होती, आणि रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागद १९३० नंतर ४५ खंडांत बाहेर आले ते त्या महसुली गरजेचे उपफळ होते. ज्या कागदावर कोणाचा तरी हक्क अवलंबून असतो तो कागद दप्तरखान्यात राहतो.

सान फ्रान्सिस्कोच्या मार्केट स्ट्रीटवरून ट्रामच्या पुढ्यातून घेतलेली माइल्स बंधूंची फीत हे कारकुनी नोंदी अशा अवचित कामी येण्याचे आणखी एक उदाहरण आहे. ती अनेक वर्षे १९०५ ची समजली जात होती. डेव्हिड किहन या अभ्यासकाने चित्रात दिसणाऱ्या मोटारीच्या क्रमांकाची नोंदणी व त्या दिवसांतील हवामानाच्या बातम्या ताडून ती १८ एप्रिल १९०६ च्या भूकंपापूर्वी अवघे काही दिवस घेतलेली असल्याचे दाखविले. टोप्या सावरीत रस्ता ओलांडणारी ती माणसे पाहताना मग दृष्टीच पालटते.

महाराष्ट्रातील आरंभ याहून फार मागे नाही. मुंबईचे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा (१८६८–१९५८) यांनी ७ जुलै १८९६ पासून वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंचे खेळ झाल्यानंतर २१ गिनी मोजून इंग्लंडहून कॅमेरा मागविला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनवर पुंडलीकदादा व कृष्णा न्हावी या पहिलवानांची कुस्ती चित्रित केली. फीत धुण्यासाठी विलायतेला पाठवावी लागली. डिसेंबर १९०१ मध्ये, मॅकिन्लीच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांनी, केंब्रिजचे सीनियर रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मायदेशी परतले तेव्हाचा स्वागतसोहळा त्यांनी टिपला. हाच भारतीय माणसाने काढलेला पहिला वार्तापट मानला जातो. एका गणितज्ञाच्या आगमनाने आपल्या वार्तापटाचा प्रारंभ व्हावा, ही गोष्ट त्या पिढीच्या अभिमानस्थानांविषयी पुष्कळ काही सांगून जाते. सावेदादांनी १९०३ चा लॉर्ड कर्झनचा दिल्ली दरबारही चित्रित केला व पुढे हा व्यवसाय सोडून ते गेइटी थिएटरच्या व्यवस्थेत रमले. त्यांच्या फिती कोणत्याही दप्तरी दाखल कराव्या असा कायदा येथे नव्हता. त्या आज उपलब्ध नाहीत.

पुढील काळात बोलका वार्तापट आला; अमेरिकेच्या फॉक्स मूव्हीटोनने १९३१ मध्ये बोरसद येथे गांधीजींची मुलाखत ध्वनीसह घेतली. सरकारी वार्तापट मात्र युद्धाच्या निकडीतून, ‘इंडियन न्यूज परेड’ या नावाने १९४३ पासून निघू लागला आणि १९४६ मध्ये बंद पडला, त्यामुळे १५ ऑगस्ट १९४७ च्या ऐतिहासिक रात्री सरकारपाशी स्वतःचे चित्रणपथकच नव्हते. तो प्रसंग डॉ. पी. व्ही. पथी यांच्यासारख्या खासगी चित्रणकारांनी टिपला. सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनची स्थापना १९४८ सालची; तिचे वार्तापट खेड्यापाड्यांत मात्र उशिराच पोहोचत.

बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यातले उमापूर त्या वर्षीच्या १७ सप्टेंबरपर्यंत निजामाच्या मुलखात होते. मराठवाड्यातील अशा गावांना मुख्य चित्रपटापूर्वी सक्तीने दाखविले जाणारे हे समाचारचित्र भेटले ते प्रायः जत्रेतल्या फिरत्या तंबूत किंवा तालुक्याच्या टॉकीजमध्ये, आणि धरणाची पायाभरणी वा पंतप्रधानांचा दौरा तेथे पोहोचेपर्यंत बातमी म्हणून तो शिळा झालेला असे. तंबूत बैठक मांडण्याची घाई करणाऱ्या प्रेक्षकाला याची फिकीर नसे, पंडित नेहरू पडद्यावर हललेले पाहणे हेच त्याला पुरे होते. या शिळ्या रिळांचे मोल नंतर वाढले. भारतीय चित्रपटांच्या संग्रहासाठी पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले, तेव्हा सावेदादांना जाऊन सहा वर्षे लोटली होती.