लमोर्ना कोव्ह : खाणीच्या ढिगाऱ्याशेजारची चित्रकारांची वसाहत

लमोर्नाचा फोटो पाहिला की आधी निळंशार पाणी दिसतं. जरा वर पाहा. पूर्वेकडच्या उतारावरून राखाडी दगडांचे ढीग जवळजवळ समुद्रापर्यंत घरंगळत आलेले आहेत. ही निसर्गाची करणी नाही. ग्रॅनाइटच्या खाणीत नको म्हणून टाकलेला हा माल आहे.

लमोर्ना कोव्ह म्हणजे इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, दोन कड्यांच्या बेचक्यात लपलेला चिमुकला किनारा. पेन्झन्स शहरापासून तो साधारण ८ किलोमीटरवर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९११ पर्यंत इथे खाण चालली. लंडनमध्ये थेम्सचा काठ बांधला गेला, त्यातही इथला दगड गेला. खवळलेल्या समुद्रात छोट्याशा धक्क्यावरून जहाजं भरणं धोक्याचं होतं, त्यामुळे पुढे दगड रस्त्याने नेला जाऊ लागला.

खाण चालू असतानाच चित्रकार इथे येऊ लागले. सॅम्युएल जॉन बर्च १८९० च्या दशकात आला आणि कायमचा राहिला. जवळच्या न्यूलिन गावात आणखी एक बर्च चित्रकार होता. घोळ नको म्हणून याने नावात चक्क ‘लमोर्ना’ जोडलं! पुढे लॉरा नाइट, तिचा नवरा हॅरल्ड आणि आल्फ्रेड मनिंग्स आले.

यांत लॉराची गोष्ट सांगायलाच हवी. तिच्या शिक्षणाच्या काळात मुलींना नग्न मॉडेल समोर ठेवून चित्र काढायची परवानगी नव्हती. प्लास्टरचे पुतळे पाहून शिकायचं. १९१३ मध्ये तिने स्वतःला नग्न मॉडेलचं चित्र काढताना रंगवलं. मॉडेल होती लमोर्नातलीच कलाकार मैत्रीण, एला नेपर. रॉयल अकादमीने ते चित्र नाकारलं. त्याच अकादमीने १९३६ मध्ये लॉराला पूर्ण सदस्यत्व दिलं. १७६८ च्या दोन संस्थापक चित्रकर्ती सोडल्या, तर हा मान मिळालेली ती पहिली स्त्री. ते चित्र आज लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे.

जायचं असेल तर गाडीपेक्षा पाय बरे. रस्ता अरुंद आहे आणि किनाऱ्याशीच संपतो. माउझल गावातून कड्यावरची पायवाट साधारण ४ किलोमीटर आहे. खडकाळ आहे, चांगले बूट घाला. वाळू पाहायची तर ओहोटीची वेळ गाठा. खाणीच्या ढिगाऱ्यावर मात्र सेल्फीसाठी चढू नका, तिथले दगड सुटे आहेत. वेळ उरला तर जवळच ‘मेरी मेडन्स’ हे १९ उभ्या दगडांचं प्राचीन वर्तुळ आहे.