दिलारामचे दोन हत्ती

शेलूच्या आमच्या बचत गटात एक वाद दरवर्षी निघतो. हातातली पाटली मोडून धंद्यात घालावी की नाही? बुद्धिबळ खेळणाऱ्यांपुढे हा प्रश्न शेकडो वर्षं आहे. ते त्याला मोहऱ्याचं बलिदान म्हणतात.

जुन्या फारसी खेळाची एक दंतकथा आहे. एक सरदार पैसे लावून खेळत होता. सगळं हरला आणि शेवटी बायकोलाच पणाला लावून बसला. तिचं नाव दिलाराम. आपल्याला द्रौपदी आठवतेच. पण तिथे फासे होते, इथे पट होता, आणि दिलारामला पट वाचता येत होता. नवऱ्यावर आता मात होणार, एवढ्यात तिने सुचवलं की दोन्ही हत्ती द्या, मला देऊ नका.

पहिला हत्ती शह देत कोपऱ्यात गेला. राजाने तो मारला. मग उंट बाजूला झाला आणि मागच्या हत्तीचा शह उघडा पडला. समोरच्याने आपला हत्ती आडवा घातला, तोही गेला. मग दुसरा हत्ती त्याच कोपऱ्यात बळी दिला. नंतर प्याद्याचा शह, आणि सहाव्या चालीला घोड्याने मात! दोन हत्ती गेले खरे, पण प्रत्येक चाल शहाची होती. समोरच्याला मात करायला एक चाल हवी होती, ती त्याला मिळालीच नाही.

आपल्याकडे बाईच्या त्यागाचं कौतुक फार. बदल्यात तिला काय मिळालं, हे कुणी विचारत नाही. पटावर मात्र तोच पहिला प्रश्न असतो.

रुडॉल्फ श्पीलमान या ऑस्ट्रियन खेळाडूने 1935 साली बलिदानावरच पुस्तक लिहिलं. त्याने दोन प्रकार केले. शेवटपर्यंत हिशोब लागतो, ते नावापुरतं बलिदान, दिलारामचं तसंच. हिशोब पुरा लागत नाही आणि तरी द्यावं लागतं, ते खरं. मला हा दुसरा प्रकार जास्त ओळखीचा वाटतो. तिथे अंदाज बांधावा लागतो. समोरचा राजा उघडा पडतो का? हल्ल्याला माझी किती मोहरी पोचतात, आणि त्याच्या बचावाला किती? माझी निम्मी मोहरी अजून घरातच बसली असतील, तर देऊ नये. त्याने मोहरं मारलंच नाही तर काय, आणि मारून पुढे परत देऊन सुटला तर काय, हेही आधी पाहावं.

आपल्या नाशिकच्या विदित गुजराथीने एप्रिल 2024 मध्ये टोरांटोच्या कँडिडेट्स स्पर्धेत हेच केलं. काळी मोहरी घेऊन अमेरिकेच्या हिकारू नाकामुराविरुद्ध अकराव्या चालीलाच त्याने राजाच्या बाजूचं प्यादं मारून उंट दिला. मात कुठेच दिसत नव्हती. पण राजापुढची भिंत फुटली आणि विदित जिंकला. नाकामुरा त्याआधी क्लासिकल प्रकारात सलग 47 डाव हरला नव्हता. त्याच स्पर्धेत दोघांची पुन्हा गाठ पडली, तेव्हाही विदितच जिंकला.